बेटावरचं घरटं आणि आपला ड्रोन

महोदय,
गेल्या जूनमध्ये लडाखमधील त्सो मोरिरी सरोवरावर गेलो होतो. उंची सुमारे साडेचार हजार मीटर. २००२ पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेल्या पट्टकादंब या रानहंसांची ही विणीची जागा. जायकवाडीच्या पाण्यावर हिवाळ्यात उतरतात तेच हे पक्षी.

दुर्बिणीतून एक मादी बेटावर अंड्यांवर बसलेली दिसली. घरट्यात तिने स्वतःच्याच पोटाची मऊ पिसं अंथरली होती. वाऱ्याने ती उडू लागली की चोचीने परत आत ओढायची. नर शेजारी मान ताणून पहाऱ्यावर. एवढ्यात कुणाचा तरी ड्रोन घोंघावत आला आणि मादी उठली. एरवी उठताना ती अंडी पिसांनी झाकते. घाबरून उठली की उघडीच राहतात. तिथली थंडी वेगळी सांगायला नको. (ड्रोनवाल्याला हटकलं, तर ‘दोनच मिनिटं’ म्हणाला!)

दुसरा प्रश्न मोकाट कुत्र्यांचा. पर्यटकांच्या उष्ट्या-खरकट्यावर ती पोसली जातात आणि पिल्लांवर तुटून पडतात. पिल्लं वाढत असताना आई-बापांचीही उड्डाणपिसं झडलेली असतात, त्यामुळे काही आठवडे त्यांनाही उडता येत नाही.

नुसती ‘संरक्षित’ अशी पाटी लावून भागत नाही. मे ते जुलै घरट्यांजवळचा काठ पर्यटकांना बंद ठेवावा, ड्रोन तर तपासणी नाक्यावरच काढून घ्यावेत. आणि तंबूवाल्यांनी खरकटं परत खाली न्यावं.

– एक पक्षीनिरीक्षक