दाखल्याला मुदत आहे, तपासणीला नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सरकारी रुग्णालय चांगले की खासगी, या विषयावर आपल्या वृत्तपत्रात अधूनमधून पत्रे येतात. बहुतेक पत्रलेखक एक तर सरकारी रुग्णालयातील गर्दी आणि अस्वच्छतेवर लिहितात, नाही तर खासगी रुग्णालयाच्या बिलावर. या दोन्ही तक्रारींच्या मधे एक लहान गोष्ट आहे, जिच्यामुळे माणूस पहिल्या दारातून निघून दुसऱ्या दाराकडे जातो. तिला रुग्णालयाच्या भाषेत ‘तारीख’ म्हणतात. त्या तारखेबद्दलच मला लिहायचे आहे.

मी महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो असून सध्या मुलाकडे डोंबिवलीला राहतो. गेल्या वर्षी जुलैमध्ये माझ्या थोरल्या बहिणीला, आम्ही तिला आक्का म्हणतो, कंबरेतून उजव्या पायात कळा येऊ लागल्या आणि पुढे पायाला बधिरपणा आला म्हणून गावाहून आणले आणि मुंबईतील एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात नेले. पहाटेची लोकल, साडेसहाला केसपेपरच्या खिडकीपुढे रांग आणि अकराच्या सुमारास डॉक्टर. त्या निवासी डॉक्टर मुलीबद्दल माझी तक्रार तर नाहीच, उलट कौतुक आहे. बाहेर दोनेकशे माणसे ताटकळत असताना तिने आक्काला पलंगावर झोपवून पाय उचलून पाहिला, हातोडीने गुडघा-घोटा तपासला, बोटांतली ताकद पाहिली आणि मणक्याचा एमआरआय करावा लागेल, असे आक्काला समजेल अशा शब्दांत सांगितले. एवढी निगुतीने तपासणी यापूर्वी पैसे मोजूनही आमच्या वाट्याला आली नव्हती.

एमआरआयच्या खिडकीवर मात्र साडेचार महिन्यांनंतरची तारीख मिळाली. केसपेपरच्या मागे बॉलपेनने ती लिहून दिली गेली. आमच्या आधी किती रुग्ण आहेत, असे मी विचारले. जुनी सवय, दुसरे काही नाही. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने पुठ्ठ्याची जाड नोंदवही माझ्याकडे फिरवली आणि म्हणाला, “काका, पानं मोजा.” त्यात उद्धटपणा नव्हता, त्याच्यापाशी खरोखरच दुसरे उत्तर नव्हते. प्रत्येक पानावर एक तारीख, तिच्याखाली ओळीने नावे आणि केसपेपर क्रमांक. खाली बेरीज नाही आणि महिनाअखेरची गोषवारा नोंदही नाही. चाळीस वर्षे नोंदवह्या सांभाळलेल्या माणसाला ते पान पाहून काय वाटले असेल, ते सहव्यवसायींना कळेल.

त्याच संध्याकाळी आम्ही एका खासगी केंद्रात साधारण तिप्पट पैसे देऊन एमआरआय काढला. रात्री साडेआठला फिल्म हातात होती. माझे निवृत्तिवेतन आहे म्हणून हे जमले. रांगेत आक्काच्या मागे असलेल्या, नाशिककडून आलेल्या बाईंना ते जमले नसते, हे त्यांच्या बोलण्यावरून कळत होते. येथे मुद्दा असा की आम्ही रांग सोडली याची कोठेही नोंद झाली नाही. रुग्णालयाच्या दृष्टीने आक्का अजून डिसेंबरच्या पानावर उभीच होती. साडेचार महिने थांबणे शक्य नाही म्हणून किती जण खासगीकडे गेले, किती जण गावी परतले आणि किती जणांचे दुखणे त्या काळात वाढले, हे सांगणारा एकही रकाना त्या नोंदवहीत नाही.

सरकारी रुग्णालयातील तारीख लांबते ती कुणाच्या आळसामुळे, असा सर्वसाधारण समज आहे. मला तो पटत नाही. मोठ्या रुग्णालयात प्रत्येक विभागाची युनिटे असतात, प्रत्येक युनिटचे बाह्यरुग्ण तपासणीचे आणि शस्त्रक्रियेचे वार ठरलेले असतात. आपल्या युनिटचा वार चुकला की पुढचा वार येईपर्यंत थांबावे लागते. शस्त्रक्रियेचे टेबल मोकळे असेल तर भूलतज्ज्ञ हवा, भूलतज्ज्ञ असेल तर परिचारिका हव्यात, त्या असतील तर शस्त्रक्रियेनंतर ठेवायला खाट हवी. यांतले एक नसले तरी बाकीची तिन्ही रिकामी बसतात. त्यात रात्री अपघाताचे दोन रुग्ण आले की सकाळची ठरलेली शस्त्रक्रिया मागे पडते, आणि ती पडलीच पाहिजे. पण एकदा मागे पडलेल्या रुग्णाच्या रक्ताच्या चाचण्या आणि भुलेसाठी दिलेले तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र जुने होते. मग तो पुन्हा रक्ताच्या खिडकीवर, पुन्हा भूलतज्ज्ञांकडे, पुन्हा नव्या तारखेला. म्हणजे रांग लांबल्यामुळेच रांगेत नवे काम निर्माण होते. आमच्या कार्यालयात प्रकरण जुने झाले की तलाठ्याचा अहवाल पुन्हा मागवावा लागे, तोच हा प्रकार. फरक इतकाच की तेथे अर्जदाराचा पाय बधिर झालेला नसे.

खासगी रुग्णालयात प्रतीक्षा नसते, असेही नाही. सहाची अपॉइंटमेंट घेतलेला रुग्ण पावणेआठला आत जातो, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. पण तेथील प्रतीक्षा तासांत मोजली जाते, कारण रांग आखण्याचे काम दरपत्रकाने आधीच केलेले असते. ज्यांना दर परवडत नाही ते रांगेत नसतातच, म्हणून रांग आखूड दिसते. सरकारी रांग लांब आणि खासगी रांग आखूड, या तुलनेवरून कार्यक्षमतेचा निष्कर्ष काढणारे लोक ही गोष्ट सोयीस्करपणे विसरतात.

यावर सरकारचे उत्तर म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. 2012 साली 8 जिल्ह्यांत सुरू झालेली आणि पुढच्या वर्षी राज्यभर गेलेली ही योजना आता प्रतिकुटुंब प्रतिवर्षी 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते आणि पांढऱ्या शिधापत्रिकेसह सर्वांना खुली आहे. तिच्यामुळे हृदयशस्त्रक्रिया झालेली माणसे माझ्या नात्यात आहेत, त्यामुळे मी तिला नावे ठेवणार नाही. मात्र ती मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णाच्या उपचारांसाठी आहे. बाह्यरुग्ण विभागात लिहून दिलेली आक्कासारखीची तपासणी तिच्यात सहसा बसत नाही, आणि निदानच झाले नाही तर दाखल कशासाठी होणार? शिवाय कार्डावर रक्कम लिहिलेली असते, दिवस लिहिलेला नसतो. “सध्या योजनेची खाट शिल्लक नाही, पुढच्या आठवड्यात फोन करा,” हे वाक्य ज्याने ऐकले त्याला 5 लाखांचा आकडा कितपत आधार देतो, हे त्यालाच विचारावे. धर्मादाय रुग्णालयांचेही तसेच. उच्च न्यायालयाच्या 2006 मधील योजनेनुसार त्यांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. त्या आज किती रिकाम्या आहेत, हे दारावर गेल्याशिवाय कळेल अशी खात्री रुग्णाला वाटत नाही.

केंद्राच्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार 2021-22 मध्ये देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी 39.4 टक्के रक्कम लोकांनी स्वतःच्या खिशातून भरली. सरकारांचा खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 1.84 टक्के होता. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने 2025 पर्यंत तो 2.5 टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. या खिशातल्या खर्चात आमच्या त्या संध्याकाळच्या पावतीसारख्या पावत्या किती असतील? सरकारी सेवा नव्हती म्हणून खर्च झाला, असे त्यांच्याबद्दल म्हणता येणार नाही. सेवा होती, डॉक्टर होते, यंत्रही होते. फक्त ते साडेचार महिने दूर होते. हा खर्च वेगळा काढून दाखवता येत नाही, कारण प्रतीक्षाच कोणी मोजलेली नाही.

आता माझ्या खात्याबद्दल थोडे. मी नोकरीला लागलो त्या काळी अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयीन कामात केलेल्या सुधारणांची चर्चा सर्वत्र होती. दप्तराचे सहा गठ्ठे (म्हणजे कागदांची त्यांच्या स्थितीनुसार लावणी), टेबलवार कार्यविवरण (कोणाच्या टेबलावर काय आले आणि काय निघाले याची नोंद), दर आठवड्याला प्रलंबित प्रकरणांचा गोषवारा, हे सगळे आम्ही कुरकुरत शिकलो. प्रलंबित प्रकरणांचा आकडा साहेबांपुढे गेला की काम हलते, हा अनुभव खात्यातला प्रत्येक जण सांगेल. पुढे 2015 मध्ये महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आला. आज उत्पन्नाच्या दाखल्याला मुदत आहे, ती चुकली तर अपील आहे आणि पदनिर्देशित अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणजे दाखला किती दिवसांत मिळाला पाहिजे हे कायद्याने ठरले, पण डॉक्टरांनी लिहून दिलेली तपासणी किती दिवसांत व्हावी, याबद्दल नागरिकाला विचारण्याचीही सोय नाही.

सर्व रुग्णांना एकच मुदत लावा, अशी माझी मागणी नाही. कर्करोगाचा संशय असलेला रुग्ण आणि जुन्या गुडघेदुखीचा रुग्ण यांना एकाच मापाने मोजणे चुकीचे ठरेल. तो क्रम डॉक्टरांनीच ठरवायचा आहे. मागणी फक्त मोजण्याची आणि ते उघड करण्याची आहे. प्रत्येक शासकीय व महापालिका रुग्णालयाने एमआरआय, सीटी स्कॅन, सोनोग्राफी आणि नियोजित शस्त्रक्रिया यांसाठी आज किती रुग्ण थांबले आहेत आणि आज नाव नोंदवणाऱ्याला अंदाजे किती दिवस लागतील, एवढे दोन आकडे खिडकीवरील फलकावर आणि संकेतस्थळावर दर महिन्याला लावावेत. नोंद करतानाच रुग्णाचा मोबाइल क्रमांक घ्यावा, म्हणजे कोणी नाव काढले तर मागच्याला कळवता येईल. रेल्वे लाखो प्रवाशांना रोज सांगते की तुमचा वेटिंग क्रमांक 47 होता, आता 12 झाला आहे. लग्नाला जाणाऱ्याला जे कळते, ते रुग्णाला का कळू नये?

हे आम्हाला अशक्य आहे, असे महापालिकेने म्हणू नये. करोनाच्या काळात मुंबईत प्रभागनिहाय वॉर रूम उघडून, सरकारी आणि खासगी अशा दोन्ही रुग्णालयांतल्या खाटांचे वाटप एकाच ठिकाणाहून झाले होते आणि रिकाम्या खाटांचे आकडे संगणकावर दिसत होते. सर्वोच्च न्यायालयाने तर 1996 सालीच पश्चिम बंगालमधील एका प्रकरणात, आकस्मिक रुग्णाला जेथे खाट असेल तेथे तातडीने पाठवता यावे म्हणून राज्यपातळीवरील रुग्णालयांसाठी मध्यवर्ती संपर्कव्यवस्था असावी, असे सुचवले होते. रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी जागा नाही म्हणून परत पाठवले आणि शेवटी खासगी रुग्णालयात पैसे भरावे लागले, त्यावरून ते प्रकरण उभे राहिले होते.

इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेची प्रतीक्षायादी दरमहा प्रसिद्ध होते. सप्टेंबर 2023 मध्ये तिच्यावरील प्रकरणे 77 लाखांच्या वर गेली होती आणि 18 आठवड्यांत उपचार सुरू करण्याचे त्यांचे स्वतःचे उद्दिष्ट 2016 पासून गाठले गेलेले नाही. तेथील व्यवस्था आदर्श आहे, असे सुचवण्यासाठी हे लिहीत नाही. तो आकडा सरकारला नकोसा असला तरी तो आहे, त्यावर निवडणुकीत प्रश्न विचारले जातात आणि मंत्र्याला उत्तर द्यावे लागते, एवढेच सांगायचे आहे. आपल्याकडे प्रश्न विचारणाऱ्या आमदाराच्या हाती आकडाच नसतो.

आकडा मागितला की तो सजवला जाईल, हा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो खराही आहे. महिनाअखेरीस ‘त्रुटीपूर्ततेसाठी परत’ असा शेरा मारून प्रकरणे निकाली काढण्याची विद्या आम्हीही वापरली आहे. रुग्णालयेही ‘पुढील महिन्यात येऊन नाव नोंदवा’ असे सांगून यादी आखूड दाखवू शकतील. तरीही खोटी बेरीज तपासता येते; जेथे बेरीजच नाही तेथे तपासणार काय?

डिसेंबरमध्ये आक्काची तारीख जवळ आली तेव्हा तिचे नाव काढावे, म्हणजे दुसऱ्या कोणाला तरी ती जागा मिळेल, म्हणून मी रुग्णालयात फोन लावून पाहिला. तो त्या खिडकीपर्यंत पोहोचेना, तेव्हा एक दिवस लोकलने गेलो. खिडकीवर तोच कर्मचारी होता. त्याने पान उघडले, नावावर आडवी रेघ मारली आणि मला धन्यवाद दिले. आता ही जागा कोणाला, असे मी विचारले. त्याने पुढची काही पाने उलटून दाखवली. नावे होती, केसपेपरचे क्रमांक होते. कोणाला कळवावे म्हटले तर फोन नंबर मात्र एकाचाही नव्हता.

आपला,
एक निवृत्त अव्वल कारकून, डोंबिवली
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)