मापाच्या वहीत ‘आळशी’ असा रकाना नाही

माननीय संपादक,

वजन म्हणजे शेवटी कॅलरींचा हिशोब आणि ज्याचा त्याचा निग्रह, अशा आशयाचा लेख आपल्या आरोग्य पुरवणीत वाचला. मी नाशिकच्या सिडकोत, उत्तमनगरला ब्लाऊज-ड्रेस शिवते. डॉक्टर नाही. पण बाईची कंबर वाढली की घरच्यांच्या आधी मला कळतं, आणि गिऱ्हाइकांच्या मापांच्या जुन्या वह्या मी टाकलेल्या नाहीत. त्यांच्या भरवशावर लिहिते.

हिशोब खोटा नाही. खर्चापेक्षा जास्त पोटात गेल्याशिवाय चरबी साठत नाही. पण दुकानाचा तोटा जमाखर्चात दिसतो. गिऱ्हाईक का तुटलं ते तिथे लिहिलेलं नसतं.

अंबडच्या एका कंपनीत पॅकिंगला जाणारी एक ताई आहे. जनरल शिफ्ट होती तोवर तिची कंबर वर्षानुवर्षं तीच. शिफ्ट फिरती झाली आणि आत सोडलेलं सगळं मार्जिन उसवत आलं. बाई तीच, स्वभाव तोच, डबाही तोच. फक्त झोपेची वेळ दर आठवड्याला बदलू लागली. झोप कमी पडली की भूक चाळवणारं घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन घटतं, हे काही प्रयोगांत दिसलं आहे. रात्री तीनला तिला भूक लागते तेव्हा कँटीनमध्ये असतो वडापाव, नाहीतर बिस्किटाचा पुडा. निवड तिचीच म्हणायची, पण या दोनांतली.

दुसरीला सांधेदुखीसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत. आधी चेहरा गोल झाला, मग पाठ भरली, पोट सुटलं. दंड मात्र बारीकच. ती ट्रायलला उभी राहिली की सासूबाई स्टुलावरून सांगतात, ‘भात बंद कर आधी.’ फिट येण्यावरच्या आणि मानसिक आजारांच्या काही औषधांनीही वजन वाढतं. आपल्या लेखात औषधांबद्दल एक ओळ नव्हती.

दंड बारीक आणि पोट पुढे, ही मापं तर मी रोज घेते. माझी मुलगी फार्मसी शिकते. तिने मला पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम समजावून सांगितलं. पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं त्यांनी इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली; २००३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५. स्नायू कमी, पोट लहान. पण खांद्याच्या फळीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकलेली. आता या बाळांनी कोणता समोसा खाल्ला होता?

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी २० जणांना दवाखान्यात ठेवून जेवू घातलं, तो प्रयोग २०१९ चा. दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं अन्न, दोन आठवडे साधं. पुढे ठेवलेल्या ताटांत कॅलरी, साखर, मीठ, चरबी, तंतू सारखेच. हवं तेवढं खा, एवढीच सूचना. कारखान्याच्या अन्नावर तीच माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली आणि त्यांचं वजन किलोभर वाढलं. साध्या अन्नावर तेवढंच उतरलं. दोन आठवड्यांपुरता त्यांचा निग्रह कुठे गेला होता?

आमच्याकडे बदनाम होते ती मिसळ. रविवारी गंगापूर रोडला तर्री मारणारी माणसं सगळ्यांना दिसतात. रोज दुपारी पाळीवरून येऊन, स्वयंपाकाचं त्राण नाही म्हणून पोरांबरोबर वेफर्सचं पाकीट फोडणारी बाई कुणाच्या लेखात येत नाही.

खाण्यावर ताबा ठेवू नये असं मी म्हणत नाही. संध्याकाळी मीही चालते, गोड कमी केलंय. पण मला दुकान माझ्या वेळेने उघडता येतं, मध्ये जेवता येतं. ताईला पाळीचा भोंगा सांगेल तेव्हाच जेवायचं असतं.

आपल्या वार्ताहराने एकदा रात्री दोनला अंबड-सातपूरच्या कँटीनमध्ये जावं. तिथे काय शिजतं, काय नुसतंच पाकिटातून निघतं, आणि उसळ-पोळी ठेवायला कंपन्यांना काय अडचण आहे, ते विचारून छापावं.

आपली वाचक,
एक लेडीज टेलर, उत्तमनगर, सिडको, नाशिक