मारवेलाच्या भाऱ्याबद्दल, मामांना

रामराम मामा,

हे तुमचा नातू मोबाइलवर वाचून दाखवील म्हणून इथं लिहितोय. परभणीत ससे पाळणारी आणखीही घरं आहेत, त्यांच्याही कानावर गेलेलं बरं.

कापूस आणि तूर हे माझे दोन ससे घरी आले तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं: मोठ्या सशाच्या खाण्यात ८० टक्क्यांच्या आसपास सुकं गवतच हवं. सशाचे दात जन्मभर वाढतात, पुढचे तर वर्षाला १०-१२ सेंटिमीटर, आणि ते चावून चावूनच झिजतात. आतडीही अशा चोथ्यावरच चालू राहतात. सशाला उलटी होत नाही, आणि खाणं सोडलं की आतडी थांबतात, म्हणून सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. सगळं पटलं, पण गवत आणायचं कुठून? जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतो आपण, तरी सशांना घालतात ते परदेशी टिमोथी गवत ऑनलाइनच मागवावं लागतं, अन् त्या पुड्याच्या पैशात तुमच्याकडं भारा येतो.

तुम्ही म्हणालात, "मारवेल हाय की बांधाला." फुलोऱ्याआधी कापलेलं, सावलीत वाळवलेलं, अजून हिरवट वास असलेलं ते गवत दोघं कुरकुर खात बसतात.

पण आभार नुसत्या गवताचे नाहीत. कापूस-सोयाबीनला फवारणी झाली की त्या बांधाचं गवत तुम्ही आणत नाही, लांबच्या पडीकातून आणता. हे मी कधी सांगितलं नव्हतं. श्रावणात एकदा पेंढी सोडून तुम्हीच हुंगलीत, "बुरसा धरलाय, नको," म्हणालात आणि सायकलला बांधून परत नेलीत. मला तर तो वास आलाही नव्हता.

आणि लसूणघास! दोन पैसे जास्त मिळाले असते. ससे लहान होते तेव्हा दिलात, सहा-सात महिन्यांचे झाल्यावर मी मागितला तर म्हणालात, "डॉक्टर काय बोलले होते? आता बंद." त्यात चुना, म्हणजे कॅल्शियम फार, मोठ्या सशाच्या लघवीत तो साका होऊन बसतो, खडाही होतो. डॉक्टरांचं बोलणं माझ्यापेक्षा तुमच्या ध्यानात राहिलं.

बाकी सोपं आहे. रोज मूठभर कोथिंबीर, मुळ्याचा किंवा गाजराचा पाला, उन्हाळ्यात पारा ४० च्या वर गेला की तोच धुऊन ओला, आणि वाडगाभर पाणी. गाजर कधीतरी एखादी चकती, त्यात साखर असते. गल्लीतली पोरं गाजरं-बिस्किटं घेऊन येतात, त्यांना दारातूनच परत पाठवतो. सिनेमातल्या सशांनी त्यांचं डोकं फिरवलंय.

तर मामा, मनापासून आभार. पावसाळ्याआधी चार भारे जास्तीचे टाका, माळ्यावर जागा केली आहे. आणि भाव यंदा वाढवून सांगा. मागच्याच भावात देणार असाल तर मी घेणार नाही.

तुमचा,
सशेवाला