तुझ्या फिल्मसाठी पैसे मागताना

प्रिय पिल्ला,

अनेक आशीर्वाद.

पटकथा वाचली. बारा पानं, म्हणजे साधारण बारा मिनिटांची फिल्म. ग्रंथालयात रात्रभर कोंडले गेलेले ते तिघं मला फार आवडले. ही फिल्म व्हायलाच हवी, म्हणून पैशांबद्दल मोकळेपणानं लिहिते.

लोकांकडे मागायची लाज वाटते म्हणतेस. श्याम बेनेगलांचा १९७६ सालचा 'मंथन' गुजरातमधल्या पाच लाख दूध उत्पादकांच्या प्रत्येकी दोन रुपयांवर उभा राहिला. ती त्यांचीच गोष्ट होती. तुझी गोष्ट कुणाला आपली वाटेल? कॉलेजचे माजी विद्यार्थी, ग्रंथपाल, नाटकाच्या ग्रुपमधली जुनी मंडळी. त्यांच्यापासून सुरुवात कर. आणि मागतानाच त्यांना हसव. दीड-दोन मिनिटांचा व्हिडिओ कर, त्यात एखादा खरा विनोद असू दे. विनोदी फिल्मसाठी गंभीर चेहऱ्यानं मागितलं, तर तुला विनोद जमतो हे समोरच्याला कळणार कसं? शेवटची गंमत मात्र फोडू नकोस.

आता बजेट. कॅमेऱ्यासाठी तू सर्वांत मोठी रक्कम धरली आहेस आणि ध्वनीसाठी जवळजवळ काहीच नाही. हे उलटं कर. तुझे निम्मे विनोद कुजबुजीत आहेत. चित्र थोडं साधं असलं तरी प्रेक्षक चालवून घेतात, पण वाक्य ऐकूच आलं नाही तर हसणार कशाला? कॅमेरा उसना मिळतो का बघ आणि वाचलेल्या पैशांतून चांगला साउंड रेकॉर्डिस्ट घे. त्याला मानधन दे, फुकट राबवू नकोस. युनिटचं जेवण, प्रवास, फुटेजच्या दोन प्रती ठेवायला हार्ड डिस्क, महोत्सवांची प्रवेश फी, हे सगळं लिहून काढ आणि वर दहा टक्के अडीअडचणीला ठेव. गाजलेलं गाणं वापरायचा मोह टाळ. त्याचे हक्क परवडणार नाहीत आणि हक्कांशिवाय वापरलंस तर फिल्म महोत्सवांत अडकेल.

क्राउडफंडिंगच्या, म्हणजे अनेकांकडून ऑनलाइन थोडे थोडे पैसे जमवायच्या, साइटचे नियम नीट वाच. २००९ साली सुरू झालेल्या किकस्टार्टरवर ठरवलेली रक्कम पूर्ण जमली नाही तर काहीच हाती येत नाही, आणि जमली तर पाच टक्के साइटचे, शिवाय पेमेंटचा खर्च वेगळा. काही साइट जमेल तेवढं देतात. कुठलीही निवडलीस तरी ज्या रकमेत फिल्म खरंच पूर्ण होते तोच आकडा लाव.

देणाऱ्यांना नफ्याचं आश्वासन देऊ नकोस. शॉर्ट फिल्म क्वचितच पैसे परत आणते. श्रेयनामावलीत नाव, खासगी खेळाचं आमंत्रण, पासवर्ड असलेली लिंक, एवढं पुरे. टी-शर्ट छापणं आणि पाठवणं यातच बरेच पैसे जातील. फिल्म अमुक तारखेला सर्वांसाठी ऑनलाइन टाकू, असंही कबूल करू नकोस, कारण आधीच ऑनलाइन आलेली फिल्म काही महोत्सव घेत नाहीत.

पैसे तुझ्या रोजच्या खात्यात नकोत. वेगळं खातं ठेव, हिशेब तू आणि तुमच्यातला आणखी एक जण मिळून बघा. शूटिंग लांबलं तर देणाऱ्यांना त्याच आठवड्यात कळव.

माझे पैसे यादीत पहिले लिही. सुधारलेलं बजेट रविवारपर्यंत पाठव, म्हणजे मावशीला आणि काकांना मी तोच कागद दाखवीन.

तुझी,
आई