दप्तराची दोरी सोडण्यापूर्वी

फोंडा, गोवा

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

आजीच्या पेटीतले दप्तर हाती आल्याचे वाचून आनंद झाला. मात्र प्रत्येक पूर्वजाच्या नावाची फाईल करून त्यात कागद वाटून टाकण्याचा तुझा बेत मला पसंत नाही. मी तीच चूक केली होती. पणजोबांच्या मृत्यूनंतर झालेल्या इन्व्हेंताराची, म्हणजे मालमत्तेची यादी करून वारसांत वाटणी करण्याच्या पोर्तुगीज अमलातल्या कामकाजाची, प्रत मी त्यांच्याच फाईलमध्ये ठेवली आणि पुढे आत्तेआजीचे सासर शोधण्यासाठी महिनोन्महिने भटकलो. ते त्याच कागदात होते! आपल्या वंशावळींत मुलींना जागा नसते. वाटणीच्या त्या कागदांत मात्र वारस म्हणून मुलींची आणि त्यांच्यासोबत जावयांचीही नावे येतात. एकाच कागदात नऊ माणसे असतील, तर तो कोणाच्या फाईलमध्ये घालणार?

म्हणून कागद जिथून आला त्याप्रमाणे लावावा, त्याला क्रमांक द्यावा, आणि माणसाच्या टिपणात फक्त तो क्रमांक लिहावा. पणजीच्या पुराभिलेखागारात, ज्याची सुरुवात 1595 सालची आहे, लिस्बनशी झालेल्या पत्रव्यवहाराचे खंड मान्सूनच्या नावाने ओळखले जातात, कारण जहाजे त्या वाऱ्यावर ये-जा करीत. कागदाचा प्रवास हीच तिथे त्याची ओळख ठरली.

नक्कल उतरवताना मात्र काहीही सुधारू नकोस. पोर्तुगीज नोंदीत कामतांचे 'कामोतीं' होतात आणि प्रभूंचे 'पोरोबो'. जसे असेल तसे लिही, आणि तुझा अर्थ शेजारी, वेगळ्या शाईने. मी एकदा उत्साहाच्या भरात सगळी आडनावे आजच्या वळणाची करून टाकली, आणि मग दोन नोंदी एकाच माणसाच्या की दोन भावांच्या, हे ठरवायला मूळ रूपच उरले नाही. मोडीतल्या कागदांवर शक आणि तिथी असेल, तर तीही तशीच ठेव. शकात 78 मिळवून मोकळे होण्याची सवय घातक आहे. शके 1810 च्या माघातला जन्म 1888 चा नसून 1889 चा ठरतो.

प्रत्येक कागदावर, म्हणजे खरे तर त्याच्या पाकिटावर, तो कोणाकडून आणि कधी मिळाला हे त्याच दिवशी लिहून ठेव. देवस्थानातल्या महाजनांच्या, म्हणजे तिथल्या वंशपरंपरागत सभासदांच्या, यादीची माझ्याकडे एक सुरेख प्रत आहे, पण ती कोणत्या वहीतून उतरवली हे लिहिलेले नसल्यामुळे मला तिचा आधार घेता येत नाही.

एक विनंती. दप्तराची दोरी अजून सोडली नसशील, तर आधी बाहेरून आणि मग एकेक कागद काढताना त्याच क्रमाने फोटो काढ. आजीने कोणता कागद कोणत्या कागदात गुंडाळला, हीदेखील एक नोंदच आहे. चवथ झाली की मी येतो. मोडी वाचायला तोवर घाई करू नकोस.

तुझा,
जुना मित्र