कार डायरीतले ११८ किलोमीटर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी २००८ साली हवालदार क्लार्क म्हणून फौजेतून निवृत्त झालो. आता गिरणाकाठी चार एकर कपाशी आणि थोडी लिंबाची झाडं बघतो. नोकरीत असतो तर हे पत्र लिहू शकलो नसतो, कारण आर्मी अ‍ॅक्टच्या कलम २१ खालच्या नियमांप्रमाणे सेवेतल्या विषयावर परवानगीशिवाय वर्तमानपत्रांना लिहिता येत नाही. ते योग्यच आहे, माझी तक्रार त्याबद्दल नाही. ती आहे वरिष्ठाविरुद्ध तक्रार करणाऱ्या जवानाला ढाल नाही याबद्दल.

पत्राला निमित्त झालं आमच्या गल्लीतल्या एका पोराचं. अग्निवीर आहे, रजेवर आला होता. रात्री जेवण झाल्यावर ओट्यावर बसून त्यानं मोबाइलमधला व्हिडिओ दाखवला. रजेच्या अर्जावर सही हवी असेल तर पैसे मागणाऱ्या एका वरिष्ठाबद्दल तो त्यात बोलत होता. हा व्हिडिओ तो सगळीकडे टाकणार होता. मी म्हटलं, भाऊ, थांब. टाकलास तर गुन्हेगार तूच ठरशील, आणि तो साहेब तुलाच शिस्तभंगात अडकवेल.

जानेवारी २०१७ मध्ये सीमा सुरक्षा दलाच्या एका जवानानं जेवणाबद्दल असाच व्हिडिओ टाकला. देशभर गाजला, आणि एप्रिलमध्ये तो बडतर्फ झाला. त्या दलाचा कायदा वेगळा, पण गत तीच. व्हिडिओ आला त्याच जानेवारीत तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी जवानांसाठी तक्रारपेट्या जाहीर केल्या, व्हॉट्सअ‍ॅपसाठी नंबरही दिला गेला. म्हणजे वाट अपुरी आहे हे वरही कळलं होतं.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो. १९९७ साल. मी नाईक होतो, एम.टी.चा, म्हणजे गाड्यांच्या विभागाचा क्लार्क. फौजेत प्रत्येक गाडीची कार डायरी असते. गाडी कुठे गेली, किती किलोमीटर, कुणाच्या कामाला, आणि शेवटी सही. डिझेलचा हिशेब त्यावरून जुळतो. आमची एक शक्तिमान ट्रक गॅरेजात उभी होती. इंजिन उतरवून लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेलं, त्यावर गोणपाट टाकलेलं. आणि त्याच गाडीच्या डायरीत एका दिवसाचे ११८ किलोमीटर! मी डायरी घेऊन गाडीपाशी गेलो, गोणपाट उचलून पाहिलं. इंजिन तिथंच होतं. चाळीसेक लिटर डिझेल कुठे गेलं ते ड्रायव्हरलाही ठाऊक होतं. ज्यांच्या हाताखाली मी होतो ते साहेब म्हणाले, "मोघम टोटल मार, बाकी मी बघतो."

खोटं कशाला बोलू, तीन वेळा मी मारली. चौथ्या वेळी हात वळला नाही.

सुट्टीत वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "काबर वाघना तोंडमा हात घालस? गुपचूप नोकरी कर." त्यांचंही चुकलं नव्हतं. माझ्या मनीऑर्डरवर घर चालायचं.

आर्मी अ‍ॅक्ट मी ऑफिसात बसून वाचला. कलम ४१ मध्ये वरिष्ठाचा हुकूम मोडला तर शिक्षा आहे, पण हुकूम कायदेशीर असला पाहिजे, असं स्पष्ट लिहिलंय. कलम २६ म्हणतं, अन्याय झाला तर कंपनी कमांडरकडे तक्रार करा, आणि तक्रार त्यांच्याविरुद्धच असेल तर त्यांच्या वरच्या अधिकाऱ्याकडे जा. तक्रार घेणाऱ्यानं शक्य तेवढी पूर्ण चौकशी करायची. वाचायला किती सोपं! मी सी.ओ. साहेबांच्या, म्हणजे युनिटच्या प्रमुखांच्या इंटरव्यूसाठी, समोरासमोर भेटीसाठी, अर्ज दिला. तो अकरा दिवस एका टेबलावरून हललाच नाही, कारण ते टेबल त्याच साहेबांच्या खोलीबाहेर होतं.

मग सैनिक सम्मेलन आलं, म्हणजे सी.ओ. साहेबांसमोर सगळ्या जवानांची सभा. ज्यांनी नोकरी केली त्यांना माहीत आहे, शेवटी विचारतात, "किसी का कोई पॉइंट?" आणि सातशे माणसं गप्प. फार तर कुणी लंगरच्या चहाबद्दल बोलतं. मी उभा राहिलो. बूट खाली घासल्याचा आवाज झाला, बस, सगळ्या माना वळल्या. मी एवढंच म्हणालो, "साब, इंटरव्यू की अर्जी दी है, ग्यारह दिन हो गए." डिझेलचं नाव चारचौघांत घेतलं नाही. संध्याकाळी सी.ओ. साहेबांचं बोलावणं आलं. कार्बन लावून लिहिलेली तारीखवार यादी मी पुढे ठेवली. चौकशी बसली, वसुली झाली, टोटल मारायला सांगणारे साहेब दुसरीकडे गेले.

माझं काय झालं? कागदावर काहीच नाही. धाकट्या बहिणीच्या लग्नाला मंजूर झालेली रजा रद्द झाली. चार महिन्यांत बदली. हवालदाराची तिसरी फीत दोन वर्षं उशिरा लागली. शिक्षा म्हणून कुणी काही लिहिलं नाही, मग दाद तरी कशाविरुद्ध मागू?

२००७ चा कायदा होऊन २००९ मध्ये जवानांच्या सेवेतल्या तक्रारी ऐकणारं सशस्त्र दल न्यायाधिकरण सुरू झालं, मुंबईलाही त्याचं खंडपीठ आहे. चांगलं झालं. पण त्या कायद्यात सेवेच्या बाबींची व्याख्या वाचा. बदली, पोस्टिंग आणि कोणत्याही प्रकारची रजा त्यातून वगळली आहे. फौजेत तक्रार करणाऱ्याला नेमकं याच हत्यारांनी मारतात. गोळी तिथे लागते जिथे ढाल नाही. माझी मागणी एवढीच, की कलम २६ खाली तक्रार केलेल्या जवानाची बदली किंवा रजा वर्षभर तरी बिघडवायची असेल, तर वरच्या मुख्यालयानं लेखी कारण द्यावं. अग्निवीरांना तर याची जास्त गरज आहे. चार वर्षांनी फार तर २५ टक्के पोरं कायम होणार, आणि ती निवडताना या चार वर्षांतलं काम मोजलं जाणार. मूल्यमापन वरिष्ठांचं, मग कोण तोंड उघडेल?

खोट्या तक्रारी होत नाहीत असं मी म्हणत नाही. सूड म्हणून केलेल्या मी टाइप केल्या आहेत. जाणूनबुजून खोटा आरोप केला तर कलम ५६ आहेच, आणि असावं. म्हणून निनावी चिठ्ठी नको, तोंडी तर मुळीच नको. २०१२ मध्ये तत्कालीन लष्करप्रमुख जनरल व्ही. के. सिंह यांनी १४ कोटींच्या लाचेची ऑफर आल्याचं सांगितलं. ते संरक्षणमंत्री अँटनींना आधीच बोलले होते, पण तोंडी. मंत्र्यांनी राज्यसभेत सांगितलं, लेखी काही आलं नव्हतं आणि जनरलना प्रकरण पुढे न्यायचं नव्हतं. लष्करप्रमुखांची ही गत, तर आमच्या नाईकाची काय कथा!

त्या पोराला मी व्हिडिओ पुसायला लावला नाही, फक्त कुठे टाकू नको म्हटलं. पैसे कोणत्या नंबरावर, कोणत्या तारखेला गेले ते वहीत उतरवून घेतलं. अर्ज दोन पानी झाला होता, मी तो अर्ध्या पानावर आणला.

आमच्याकडे पाचोरा, भडगाव, पारोळा भागात पहाटे रस्त्यावर भरतीची पोरं पळताना दिसतात. अकॅडमीवाले १६०० मीटर पळायला शिकवतात, पुलअप्स शिकवतात. एक तास कलम २६ साठी काढा, मी शिकवायला येतो. मोबदला नको. फक्त सकाळी नऊच्या आत बोलवा, नंतर मी शेतात असतो.

आपला,
एक निवृत्त हवालदार, ता. भडगाव, जि. जळगाव
(पोराची ओळख पटू नये म्हणून नाव छापू नये, ही विनंती.)