मिरजेच्या चाचांना, एका पियानोवादकाकडून

आदरणीय चाचा,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात सांगलीत माझे एकल पियानोवादन झाले, तेव्हा तुम्ही शेवटच्या रांगेत बसला होतात आणि मी मंचावरून खाली येईपर्यंत निघूनही गेलात. म्हणून राहून गेलेले आभार या उघड पत्रातून मानतो आहे.

तुमची ओळख झाली तेव्हा मी वाद्यवृंदात साथीला कीबोर्ड वाजवत असे. बँकेत नोकरी आणि गायकांना साथ करत राहिलेले फ्रेंच पियानोवादक रिचर्ड क्लेडरमन 1976 मध्ये एका धुनेसाठी निवडले गेले व पुढे जगभर एकलवादक म्हणून गाजले, हे वाचून आपलेही तसेच होईल असे मला वाटे. त्याच भाबडेपणात मी एक जुना पियानो टेम्पोत घालून घरी आणला. तो पार बेसूर होता आणि पुण्याहून ट्यूनर बोलावणे परवडणारे नव्हते.

तुमचे आयुष्य सितार-तंबोरे जुळवण्यात गेलेले. पियानो तुम्ही कधी उघडलाही नव्हता. 88 पट्ट्या आणि दोनशेच्या वर तारा बघून “तारा जास्त आहेत, एवढंच,” म्हणालात आणि कामाला लागलात. बहुतेक स्वरांना तीन-तीन तारा असतात. त्यांतल्या कडेच्या दोन फेल्टच्या पट्टीने दाबून तुम्ही मधली सुरात आणायचात, मग कडेची एकेक तार तिच्याशी जुळवत, दोन तारांमधली ती वँ-वँ हळू होत होत थांबेपर्यंत, खुंटी डोळ्यांना दिसणारही नाही इतकीच फिरवायचात. त्याला तीन दिवस लागले, आणि सिटी बसच्या तिकिटापलीकडे तुम्ही काही घेतले नाही.

सगळे जुळल्यावरही तुम्ही नाराजच होतात. “गंधार चढा आहे,” म्हणालात, म्हणजे ‘ग’ हवा त्याहून उंच. सप्तकाचे बारा समान भाग केल्यामुळे पियानोचा गंधार तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या भागाइतका, चढा राहतो, हे मी समजावले. तुम्हाला ते पटले, पण रुचले नाही. आणि त्या दिवसापासून मलाही तो गंधार टोचू लागला. तेव्हापासून यमन वाजवताना मी गंधारावर मुक्काम करत नाही, त्याला स्पर्श करून पंचमाकडे निघतो, आणि षड्ज-पंचम खाली घुमत ठेवतो. समीक्षक याला माझी शैली म्हणतात. मूळची ती तुमची तक्रार आहे.

सितारियाप्रमाणे पियानोवादकाला आपले वाद्य काखेत मारून गावोगाव नेता येत नाही. तिथे जे उभे असेल त्यावरच वाजवावे लागते. म्हणून मी कार्यक्रमाच्या चार तास आधी पोहोचतो आणि झाकण उघडून आधी तारा ऐकतो. पिशवीत खुंट्या पिळायची चावी असते आणि तुम्ही कापून दिलेली फेल्टची पट्टी, जी आता कडेने विरली आहे.

पाऊस सुरू झाला आहे, लाकूड फुगून घरचा पियानो पुन्हा चढला आहे. सवडीने या. तो आता तळमजल्यावर ठेवला आहे, तुम्हाला जिना चढावा लागणार नाही.

आपला,
तुमचा सांगलीचा शागीर्द